भाऊजी येईपर्यंत थांबायचं का?

पत्र: «डॉक्टर, आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ७९ वर्षांच्या. सोमवारी पहाटे पाचला न्हाणीत पाय सटकला आणि डाव्या कुशीवर पडल्या. पाय आखूड दिसतो, पंजा बाहेरच्या अंगाला पडलाय, जरा हलवलं तरी ओरडतात. शेजारीपाजारी हाडवैद्याकडे न्या म्हणत होते, पण आम्ही दवाखान्यात आणलं. इथले डॉक्टर म्हणतात, खुब्याजवळ हाडाचे चार तुकडे झालेत, फ्रॅक्चर अनस्टेबल आहे, आत रॉड घालावा लागेल. शेजारच्या माईंचा खुबा मोडला तेव्हा गोळा बदलला होता. माझ्या मामांना प्लेट टाकली होती. मग आत्याबाईंनाच रॉड का? त्यांना बीपी आहे, रक्त पातळ व्हायची छोटी गोळी चालू आहे. ह्यांना भुलेची भीती वाटते. धाकटे भाऊजी मस्कतहून रविवारी येतायत, ते आल्यावर ठरवू असं घरात चाललंय. तोवर पायाला वजन लावून ठेवलंय. थांबलं तर चालेल का? आणि ऑपरेशनच नाही केलं तर?»
एक सून, वाई तालुका

ताई,

तुमचा मेल आज मंगळवारी रात्री साडेनऊला वाचला. सदर छापून यायला आठवडा जातो, आणि तेवढा वेळ आत्याबाईंकडे नाही. म्हणून हे उत्तर आधी तुम्हाला पाठवतोय. अंकात यायचं तेव्हा येईल.

थांबू नका. भाऊजींना आत्ता व्हिडिओ कॉल लावा, एक्स-रे दाखवा, डॉक्टरांशी बोलणं करून द्या आणि उद्या, फार तर परवा सकाळी, ऑपरेशन होऊ द्या. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन ४८ तासांच्या आत व्हावं असा सगळीकडे आग्रह असतो. ब्रिटनमध्ये तर ३६ तासांचं घड्याळ लावतात. तुमचे चाळीस तास गेलेच आहेत. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, पण प्रत्येक दिवसाची वसुली होते: फुफ्फुसात कफ साठतो, पाठ चिघळते, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, लघवीत जंतू होतात, डोकं भ्रमिष्ट होतं. रविवारी भाऊजींना भेटणारी आई आजच्याइतकी धडधाकट नसेल.

«ऑपरेशनच नाही केलं तर?» हा प्रश्न तुम्ही शेवटी, जरा बिचकत विचारलाय. त्याचं खरं उत्तर ऐका. हाड जुळेल. या जागेचं हाड ऑपरेशनशिवायही बहुतेक वेळा जुळतं. १९७४ साली माझी आजी अशीच पडली, मी तेव्हा दहा वर्षांचा. खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा, पायाला चिकटपट्टी, पट्टीला दोरी आणि दोरीच्या टोकाला वाळूची पिशवी. माझं काम एवढंच, की पिशवी जमिनीला टेकली तर आईला हाक मारायची. दहा आठवडे आजी पाठीवर पडून. तिसऱ्या आठवड्यात माकडहाडाशी लालसर चट्टा आला, सहाव्या आठवड्यात तिथे माझ्या तळहाताएवढी जखम होती. खोलीत शिरताच वास यायचा. दहाव्या आठवड्यातल्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं, डॉक्टर खूश झाले. बाराव्यात ती न्यूमोनियाने गेली.

तेव्हा दुसरा पर्याय हाताशी नव्हता. आता आहे, आणि तो हाड जुळवण्यापेक्षाही आत्याबाईंना परवा खुर्चीत बसवण्यासाठी आहे. हे एकदा घरात सगळ्यांना पटलं की बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

आता माई, मामा आणि आत्याबाई. मांडीच्या हाडाचं वरचं टोक डोळ्यांपुढे आणा. खुब्याच्या वाटीत बसणारा गोळा, गोळ्याखाली तिरकी मान, आणि मान जिथे उभ्या हाडाला मिळते तिथे दोन उंचवटे. बाहेरचा मोठा, कुशीवर झोपलं की गादीला टेकतो तो. आतला छोटा, तो हाताला लागत नाही. माईंची बहुधा मान मोडली असणार. गोळ्याला जाणारं रक्त बरंचसं मानेच्या कडेकडेने वर चढतं. मान मोडून सरकली की ते तुटतं आणि गोळा मरण्याची भीती असते. म्हणून उतारवयात तो काढून धातूचा बसवतात. आत्याबाईंचं हाड मानेच्या खाली, त्या दोन उंचवट्यांच्या पट्ट्यात मोडलंय. तिथे रक्ताला तोटा नाही. गोळा जिवंत आहे, तो कशाला टाकायचा?

मामांना प्लेट का, हे जरा जास्त समजून घेण्यासारखं आहे. त्यांचं हाडही याच जागी मोडलेलं असू शकेल, पण दोन तुकड्यांत, एकमेकांवर नीट टेकणारं. त्याला आम्ही स्टेबल म्हणतो. तिथे बाहेरून प्लेट आणि गोळ्यात सरकता स्क्रू ही जोडी आजही उत्तम काम करते, स्वस्तही पडते. आत्याबाईंचे चार तुकडे झालेत, म्हणजे आतल्या-मागच्या बाजूचा, छोट्या उंचवट्याचा तुकडा निखळलेला असणार. चुलीच्या तीन दगडांतला एक निघाला की भांडं त्याच बाजूला कलंडतं ना? तसा हा गोळा आतल्या बाजूला कलंडू पाहतो. शरीराचं वजन बरोबर त्याच आतल्या कडेवरून खाली उतरतं आणि आधार तिथलाच गेलाय. काहींच्यात बाहेरची भिंतही पातळ होते किंवा फुटते, काहींच्यात मोडीची रेघ उलट्या तिरकेपणाने जाते. अशा वेळी सरकत्या स्क्रूला थांबवायला काही उरत नाही आणि प्लेट दगा देते.

पाण्याने भरलेली कळशी हात लांब करून धरून बघा, मग तीच कमरेवर घ्या. वजन तेवढंच, पण पहिल्या प्रकारात खांदा भरून येतो. प्लेट हाडाच्या बाहेरच्या अंगाला असते, वजनापासून लांब. रॉड हाडाच्या पोकळीत, वजनाच्या रेषेजवळ असतो, म्हणजे कळशी कमरेवर. शिवाय गोळ्याचा तुकडा फार खाली सरकू लागला तर रॉडच आतून भिंतीसारखा आडवा येतो.

तुम्ही रॉड म्हणता, आम्ही नेल म्हणतो. दवाखान्याच्या कागदावर ‘पीएफएन’ (मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा नेल) किंवा तसंच काही लिहिलेलं असेल. हाडाच्या पोकळीत सळई घालायची कल्पना रुळवली गेरहार्ट क्युंट्शर या जर्मन सर्जननी, कील शहरात, १९४० च्या सुमारास. आधी त्यांना बऱ्याच जणांनी वेड्यात काढलं होतं. खुब्यासाठीचे आजच्या घडणीचे नेल १९८० च्या दशकाच्या अखेरीस आले. सुरुवातीच्या नेलच्या खालच्या टोकाशी कधीकधी मांडीचं हाड नव्यानेच मोडायचं. मग घडण बदलत गेली आणि ते प्रमाण खूप कमी झालं. आत्याबाईंना घालतील तो नेल साधारण वीतभर लांब, खाली करंगळीएवढा आणि वरच्या टोकाला अंगठ्याएवढा जाड. मोड खाली मांडीत उतरली असेल तर गुडघ्यापर्यंतचा लांब घालतात.

ऑपरेशनचं निम्मं काम चीर देण्याआधीच होतं. पेशंटला खास टेबलावर घेतात, पाऊल बुटात अडकवून पाय हळूहळू ओढतात, आत वळवतात आणि सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर तुकडे जागेवर येताना बघतात. इथे घाई केलेली पुढे कुठल्याही महागड्या नेलने भरून निघत नाही. हाड वाकडं ठेवून नेल घातला, तर वाकडेपणाच पक्का होतो. मी शिकत होतो तेव्हा आमचे सर पडद्यावरचं चित्र मनासारखं होईपर्यंत हात धुवायलाही जाऊ द्यायचे नाहीत. ते चित्र जमलं की मोठ्या उंचवट्याच्या वर चार-पाच सेंटीमीटरची चीर, बारीक तार, तारेवरून पोकळी रुंद करायची, मग नेल. तो हाताने दाबत, वळवत घालायचा. घणाने ठोकायचा नसतो. नेलमधल्या भोकातून एक किंवा दोन जाड स्क्रू मानेतून गोळ्यात, खाली एखादा छोटा स्क्रू. सगळं सुरळीत असेल तर तासाभराचं काम. टाके तीन ठिकाणी, तेही छोटे.

यात एक माप फार मोलाचं. गोळ्यातल्या स्क्रूचं टोक गोळ्याच्या शेंड्यापासून किती लांब आहे, ते समोरच्या आणि बाजूच्या अशा दोन्ही एक्स-रेत मोजतात आणि बेरीज करतात. अमेरिकेतले बॉमगार्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवलं, की ही बेरीज २५ मिलिमीटरच्या आत ठेवली तर स्क्रू गोळा फाडून बाहेर येण्याचा धोका जवळजवळ राहत नाही. ठिसूळ हाडात हीच आमची मोठी धास्ती असते. पट्टी घेऊन डॉक्टरांच्या खोलीत जाऊ नका, पण ऑपरेशननंतर «स्क्रू गोळ्यात मधोमध आणि खोलवर बसलाय ना?» एवढं जरूर विचारा. चांगल्या सर्जनला हा प्रश्न आवडतो. टायटॅनियम की स्टील, एक स्क्रू की दोन, देशी की विलायती, यावर मात्र रात्र जागवू नका. पैशांचा प्रश्न असेल तर दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत आहे का ते बघा आणि तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान भारतचं वेगळं कार्डही मिळतं, उत्पन्नाची अट नाही.

तुमच्या ह्यांना भुलेची भीती वाटते ते समजतं. पण आजकाल हे ऑपरेशन बहुतेक वेळा कमरेखालचा भाग बधिर करून होतं, आणि ७९ हे वय काही त्याला आडवं येत नाही. बीपीचा आकडा थोडा वर आहे म्हणूनही थांबत नाहीत. ती छोटी गोळी अॅस्पिरिनची असेल तर तिच्यासाठी अडण्याचं कारण नाही. दुसरी, जास्त जोरकस असेल तर भूलतज्ज्ञांना नाव दाखवा, ते भुलेचा प्रकार बदलतील किंवा थोडं थांबवतील. पाच-सात दिवस ठेवून देणं हे जुन्या सवयीचं उत्तर आहे. आपल्याकडे दिवस खातात त्या गोष्टी वेगळ्याच: टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणारा गुरुवारी येतो, ऑपरेशनला हरकत नाही असा फिजिशियनचा फिटनेस दाखला राहिलाय, रक्ताची पिशवी कुणी आणायची ते ठरलेलं नाही. या तीन गोष्टींच्या मागे उद्या सकाळी एका खमक्या माणसाला लावा. पिशवीची सोय हवीच, कारण या मोडीत मांडीच्या आत बाहेरून न दिसणारं बरंच रक्त जातं.

आणि उपाशी ठेवण्यावर लक्ष ठेवा. सकाळी आठच्या ऑपरेशनसाठी रात्रीपासून पोटात काही नाही, मग दुपारचे दोन वाजतात, मग «आज नाही, उद्या». म्हातारं माणूस एवढ्यानेच कोमेजतं. सहसा जेवण सहा तास आधी बंद करतात आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. भूलतज्ज्ञांना विचारून तेवढं तरी पाजत राहा. पायाला लावलेल्या वजनाने दुखणं फारसं कमी होत नाही असं अभ्यासांत दिसलंय. त्यापेक्षा जांघेजवळ नस बधिर करणारं इंजेक्शन देता येईल का विचारा. बेडपॅन सरकवताना त्यांच्या तोंडावरची कळा बघवत नसेल, तर त्या इंजेक्शनने किती फरक पडतो ते दिसेल.

हाडवैद्याबद्दल मला तुच्छता नाही. मनगट, करंगळी यांवर त्यांच्या कामट्यांनी काम भागलेलं मी पाहिलंय. पण खुब्याच्या वरखाली कामट्या बांधणार कुठे? आणि चोळायला तर अजिबात देऊ नका, ना आत्ता, ना ऑपरेशननंतर.

आता ऑपरेशननंतरचं, जिथे घरचे लोक बहुतेक वेळा कमी पडतात. डॉक्टर «ऑपरेशन सक्सेसफुल» म्हणतात, पेढे येतात, आणि आत्याबाई पलंगावर पडूनच राहतात. तसं झालं तर माझ्या आजीच्या विटा फक्त काढल्यासारखं होईल. दुसऱ्या दिवशी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवायचं आणि जमलं तर वॉकर धरून उभं करायचं. त्या रडतील, शिव्याही देतील. दुखण्याची गोळी अर्धा तास आधी द्या आणि मग उठवा. «दीड महिना पाय टेकवू नका» असं कुणी सांगितलं तर कारण विचारा. तुकडे फारच चुरडलेले असतील किंवा पकड समाधानकारक नसेल, तर सर्जन तसं सांगू शकतात आणि तेव्हा त्यांचंच ऐका. पण नेल नीट बसला असेल तर सोसेल तेवढा भार पहिल्या दिवसापासून द्यायचा असतो. ७९ वर्षांची बाई एका पायावर लंगडी घालत चालू शकत नाही, तिला पाय टेकू न देणं म्हणजे पलंगावर झोपवणंच.

ऑपरेशननंतरच्या एकदोन रात्री त्या भलतंसलतं बोलू शकतील. भिंतीवर मुंग्या दिसतील, कधीच गेलेल्या बहिणीला हाका मारतील, सलाइन उपटतील. घाबरू नका आणि घरातली झोपेची गोळी देऊ नका. नर्सला सांगा, दुखणं, लघवीची लागण, रक्तातलं सोडियम यांपैकी काही बिघडलंय का ते डॉक्टर बघतील. चष्मा, कवळी, कानातलं यंत्र घरातून आणून ठेवा, दिवसा पडदे उघडा, रात्री ओळखीचं माणूस जवळ झोपू द्या. बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं.

खाण्यात नुसती पेज नको. अंडं चालत असेल तर अंडं, नाहीतर दूध, घट्ट वरण, शेंगदाण्याचा कूट. आणि निदान दोन महिने एकादशी, चतुर्थी सगळं बंद. देवाशी मी बोलतो म्हणावं. गुठळ्या होऊ नयेत म्हणून महिनाभर इंजेक्शन किंवा गोळ्या देतात, त्या «आता चालतायत ना» म्हणून मध्येच सोडू नका. पोटरी सुजली, धाप लागली, जखमेतून पाणी आलं किंवा चालता चालता जांघेत एकदम कळ येऊन पाय आखूड झाला, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा.

माईंना मांडी घालून बसायला मनाई आहे ना? ती गोळा बदलल्यामुळे, तो निखळू नये म्हणून. आत्याबाईंचा गोळा स्वतःचा आहे, त्यांना तसली बंदी नाही. हाड जुळलं, तीन-चार महिने गेले, की सोसेल तसं त्या जमिनीवरही बसू शकतील. पाय सेंटीमीटरभर आखूड राहू शकतो, चपलेत जाड तळवा घातला की भागतं. नेल काढायची गरज सहसा पडत नाही. पूर्वीसारखं चालणं मात्र सगळ्यांनाच परत मिळत नाही, बऱ्याच जणींना काठी कायमची लागते. आणि आकडा कडू आहे, पण सांगतो: खुबा मोडलेल्या दर चार-पाच वृद्धांपैकी एक वर्षभरात दगावतो, ऑपरेशन करूनसुद्धा. म्हणून पहिल्या दिवसापासून उठवण्याचा माझा एवढा हट्ट.

एक गोष्ट डिस्चार्जच्या कागदावर बऱ्याचदा नसते. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला, याचा अर्थ हाडं ठिसूळ झालीत. त्याची वेगळी ट्रीटमेंट लागते, नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या पुरत नाहीत. झोलेड्रॉनिक अॅसिड नावाचं औषध वर्षातून एकदा सलाइनमधून देतात, ५ मिलिग्रॅम. खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत ते दिलं तर पुढची फ्रॅक्चर एक तृतीयांशाने कमी होतात आणि मृत्यूही घटतात, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. आधी किडनी आणि ड जीवनसत्त्व तपासावं लागतं. दोन आठवड्यांनी टाके काढायला जाल तेव्हा स्वतःहून विषय काढा. दुसऱ्या बाजूचा खुबा अजून शाबूत आहे.

राहता राहिले भाऊजी. त्यांना रविवारी येऊ द्याच, पण निर्णयासाठी नको, कामासाठी. पुण्यात उतरले की कमोडची खुर्ची आणि चार पायांचा वॉकर घेऊनच गावची गाडी धरायला सांगा. वॉकरची उंची कमी-जास्त करता येते ना ते दुकानातच बघायचं. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे न्हाणीत भिंतीला पकडायला लोखंडी दांडा ठोकणं. आणि पहाटे पाचला अंधारात जावं लागतं, तर तिथला दिवा चालू आहे का, हेही त्यांनाच बघू द्या.